'कोल्हापुरी' या एका शब्दासाठी चार फेऱ्या

आप्पांच्या चपलांचा स्टॉल आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या एका उत्सवात लागावा, म्हणून अर्ज केला. कारागीर ओळखपत्र, आधार, पासबुकाची झेरॉक्स, फोटो... सगळं एका सकाळीच झालं. अडलं ते 'कलेचं नाव' या रकान्यात.

मी कन्नडात 'कोल्हापुरी चप्पल' लिहिलं होतं. खिडकीतल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "कोल्हापूर महाराष्ट्रात. इथं आपल्या जिल्ह्याची कला लिहायची." म्हटलं, साहेब, आम्ही निपाणीचे, आजोबांपासून हेच काम आहे. तर म्हणाले, "मग 'चामडी पादत्राणे' लिहा." तसं लिहिलं असतं तर आमचा अर्ज पारंपरिक कलांमधून निघून साध्या विक्रीच्या स्टॉलांत गेला असता. मी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी 'वरून पत्र आणा', तिसऱ्या वेळी साहेब रजेवर. निपाणीहून बेळगावला जायचं म्हणजे जाऊन-येऊन कामाचा अख्खा दिवस बुडतो, आणि हंगामात एक दिवस म्हणजे काय ते कारागिराच्या घरातच कळतं.

मला राग नावाचा आला. आप्पा तळाचे थर चामड्याच्या वादीनं शिवतात, एकही खिळा मारत नाहीत. चामडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं. पट्ट्यावरची वेणी आई घालते. वादी ओली करून ओढत नेते, एक पेड ढिला पडला तर सगळं उसवून पुन्हा घालते. या कामाला नुसतं 'पादत्राणे' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

शेवटी मी भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे एखादी वस्तू ठरावीक भागाचीच म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदीचे (जीआय), कागद काढले. 2019 साली कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदही तिकडच्या लिडकॉम नि इकडच्या लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. प्रिंट काढली, 'बेळगाव'खाली लाल रेघ ओढली आणि पुन्हा गाडी धरली. साहेबांनी दोनदा वाचलं, शिक्का मारला. बाहेर येऊन आप्पांना फोन केला तेव्हा बोलताच येईना.

अथणीकडचे असाल तरी हा कागद पहिल्याच दिवशी न्या. तोंडी वाद घालू नका, लेखी समोर ठेवा. अर्ज कन्नडातच भरा, येत नसेल तर जाणकाराकडून भरून घ्या. आणि हो, फोटो तयार चपलेचा नको, हातात रापी (चामडं कापायचं हत्यार) घेऊन काम करतानाचा द्या. आमच्या अर्जावर तोच चालला. स्टॉलवर रात्री माल झाकायला ताडपत्री लागते. दव बसलं की चामडं नरम पडतं, पहिल्या रात्री आमचे चार जोड गेले.

बोर्ड आप्पांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतला. वर कन्नडात, खाली मराठीत: 'कोल्हापुरी चप्पल, निपाणी, जि. बेळगाव'.