मण्याचे भिंग आणि मिऱ्याचे पाणी

एकभिंगी सूक्ष्मदर्शकाचे काम आता दाखवण्याजोगे झाले आहे. पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेला काचेचा मणी आणि नमुना सरकवणारे स्क्रू, एवढाच त्याचा संसार आहे. मूळ रचना नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराच्या अंतोनी व्हॅन लेव्हेनहूक यांची असून, हे उपकरण स्वतः घडवताना त्यांची जी ओळख पटली, ती नुसत्या वाचनाने पटली नव्हती.

1632 मध्ये जन्मलेल्या लेव्हेनहूक यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नाही आणि विद्वानांची लॅटिनही येत नव्हती. ते कापडाचे व्यापारी होते. पुढे नगरभवनातील हुद्दा, जमिनीची मोजणी, मद्याच्या पिंपांचे मापन अशी कामेही त्यांनी केली. कापडाची वीण पारखायला व्यापारी भिंग वापरत, त्यामुळे भिंगाचे वेड त्यांना धंद्यातूनच लागले असावे, असे मला वाटते.

आता मण्याविषयी. काचेची बारीक नळी ज्योतीत मऊ करून ताणली की केसासारखा तंतू निघतो, आणि त्या तंतूचे टोक पुन्हा ज्योतीत धरले की पृष्ठताणामुळे वितळलेली काच आपोआप गोल होते. मणी जितका लहान, तितके विवर्धन जास्त: 2 मिलिमीटर व्यासाच्या मण्यातून वस्तू सुमारे 170 पट मोठी दिसते, तर सव्वा मिलिमीटरच्या मण्यातून सुमारे 270 पट. लेव्हेनहूक यांचे युट्रेक्टमध्ये जपलेले भिंग याच ताकदीचे आहे. ते कसे बनवले हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. 2021 मध्ये न्यूट्रॉन किरणांनी तपासल्यावर ते असे वितळवून केलेले असल्याचे दिसले. त्यांची इतर काही भिंगे मात्र घासून केलेली आहेत. रीत लपवण्याचा त्यांचा हट्ट मला पटत नाही, म्हणून माझी रीत येथे उघड लिहिली आहे.

पहिला नमुना म्हणून मी मिरीच निवडली. मिरी तिखट का लागते, हा लेव्हेनहूक यांचा साधा प्रश्न होता. तिच्या कणांना बारीक टोके असतील आणि ती जिभेला टोचत असतील, अशी त्यांची अटकळ होती. ती पडताळण्यासाठी त्यांनी मिरी पाण्यात भिजत ठेवली आणि 1676 च्या एप्रिलमध्ये त्या पाण्यात त्यांना असंख्य सूक्ष्म जीव दिसले. अटकळ चुकीची होती, पण जे दिसले ते टाकून न देता त्यांनी त्याचाच पाठपुरावा केला, आणि या माणसाचे मोठेपण मला येथेच दिसते. मोजण्याला प्रमाण एकके नव्हती, तेव्हा वाळूचा कण आणि उवेचा डोळा ही त्यांची मापे झाली. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला शंका आली, तेव्हा 1677 मध्ये त्यांनी आठ प्रतिष्ठित साक्षीदारांचे जबाब पाठवले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट हूक यांनी तेच जीव सोसायटीत दाखवले.

माझ्या मिऱ्याच्या पाण्यावर काही दिवसांनी तवंग आला. त्याखालचा थेंब केशनळीत घेऊन, उपकरण डोळ्याला अगदी भिडवून आकाशाच्या उजेडाकडे धरले, तेव्हा अंगाभोवती केसांची झालर असलेला लांबट जीव स्वतःभोवती गिरक्या घेत सरकताना स्पष्ट दिसला. नळीच्या कडेला अडला की तो थबके, मागे सरे आणि दिशा बदलून पुन्हा निघे. जिवाणू मात्र माझ्या 2 मिलिमीटरच्या मण्यातून ओळखू येत नाहीत.

लेव्हेनहूक 1723 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. अखेरच्या पत्रांतही ते स्वतःच्या आजाराचे बारकाईने वर्णन करत होते. पुढचा टप्पा सव्वा मिलिमीटरच्या मण्याचा असून, त्यासाठी पत्र्याचे भोक आणखी लहान आणि कडेला गुळगुळीत हवे. एवढे बारीक भोक स्वच्छ पाडण्याची रीत कोणाला साधली असेल, तर अवश्य कळवावी.