तुम्ही विचारलंत म्हणून: बसून वाचायचंच तर काम!

"तुमचं काय, बसून वाचायचंच तर काम! त्यात आजार कुठे आडवा येतो?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, आणि एकदा तर पॉलिसी विकायला आलेल्या एजंटनेही विचारलाय. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. धीर द्यायचाच हेतू असतो, निदान तुम्हाला उन्हातान्हातली धावपळ तरी नाही, असा. मी हसून विषय बदलायचे. पण आता एम.ए.च्या एका विद्यार्थिनीनेही तेच विचारलं आणि तिला खरंच उत्तर हवं होतं, कारण तिच्या आईला नुकतंच माझ्याच आजाराचं निदान झालंय. आई शाळेत शिक्षिका. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे एमएस म्हणतात. रिक्षावाल्यांना त्यावरून फक्त धोनी आठवतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडायला लागते. वायरवरचं रबर उंदराने खाल्लं की दिवा कधी लागतो, कधी लुकलुकतो, कधी लागतच नाही, तसं. कुरतडणं मेंदूत, पाठीच्या कण्यात किंवा डोळ्यामागच्या नसेत, कुठेही होऊ शकतं, आणि जिथे होईल तिथला कारभार बिघडतो. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. पुष्कळांना तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो, मात्र प्रत्येक लाट जाताना काहीतरी घेऊन जाते.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा, आणि संशोधन विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मासिकांवर. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली 'मनोरंजन' सुरू केलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून सगळे त्याचं नाव घेतात. मला त्याहून जास्त ओढ त्या काळच्या साध्या, महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या अंकांची. बायकांनी लिहिलेल्या कथा, संपादकाला आलेली पत्रं, अशक्तपणावरच्या गोळ्यांच्या जाहिराती. हे सगळं जाड बांधणीच्या खंडांत ठेवलेलं असतं. खंड उचलायचा, टेबलावर आणायचा, उघडा धरायचा, पान उलटायचं, पेन्सिलने टिपून घ्यायचं. बसून वाचायच्या कामात इतकी क्रियापदं येतात.

त्यातलं पान उलटणं बघा. शंभर वर्षांपूर्वीचा कागद तपकिरी पडलेला असतो, कडेने पापुद्र्यासारखा सुटतो. तो उलटायला बोटांच्या टोकांना जाड-पातळ कळावं लागतं. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना ते कळत नाही. एक पान हातात आलंय की दोन चिकटून आलीत, हे मला स्पर्शाने समजत नाही. पानाचा आकडा डोळ्याने बघून खात्री करावी लागते. म्हणजे प्रत्येक पानाला वाचण्याआधी एकदा नजर द्यायची. आणि नजर हीच माझी दुसरी अडचण. पहिली लाट आली ती उजव्या डोळ्यातच. डोळा फिरवला की ठणका लागायचा, मधोमध धुरकट. इस्पितळात तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, रोज एक ग्रॅम. दिसणं बरंचसं परत आलं, रंग तेवढे पुरते आले नाहीत. उत्तरपत्रिकेवर मीच लाल शाईने दिलेले गुण डाव्या डोळ्याला लाल दिसतात आणि उजव्याला धुऊन विटलेले. विद्यार्थ्यांना याने काही फरक पडत नाही म्हणा. गुण तेच राहतात.

सगळ्यांनी शिव्या घातलेल्या एका गोष्टीला मी मात्र दुवा देते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला लावल्या, तेव्हा कॉलेजाकॉलेजांत रणकंदन माजलं. निकाल किती रखडले ते सर्वांना आठवत असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर मुलांचं किरटं अक्षर बोटभर मोठं करून वाचता आलं आणि गठ्ठे उचलायचे वाचले.

उन्हाचं तर सांगायलाच हवं. विल्हेल्म उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवून ठेवलंय की अशा रुग्णांचं अंग श्रमाने तापलं की नजर मंदावते आणि निवलं की पूर्ववत होते. तापमान थोडंसंच चढावं लागतं. एमआरआय नव्हता तेव्हा निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे. मुंबईत टबाची गरज नाही, मे महिन्यात दादरचा पूल चढला की परीक्षा होते. घाम येतो पण दमट हवेत वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. पुलाच्या टोकाला पोचेपर्यंत इंडिकेटरवरची अक्षरं विरघळलेली असतात. मग गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून बाकावर बसायचं. ऑक्टोबरातही तेच. त्यामुळे ग्रंथालयातलं जड काम मी डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकते आणि उन्हाळ्यात घरी पंख्याखाली लिहिते. तुमच्या दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मला जानेवारीत पाहून "बाई ठणठणीत दिसतात" असं कुणाला वाटत असेल, तर ते जानेवारीपुरतं बरोबरच आहे.

मुलुंडहून येताना दिव्यांगांच्या डब्यात बसते. तिथे पहिली नजर पायांकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे, आणि मग प्रश्न येतो, "तुम्हाला काय झालंय?" काठी मला तोलासाठी लागते त्यापेक्षा साक्षीसाठी जास्त लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. पण सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर, आणि टक्के ठरतात तपासणीच्या दिवशी. माझी तपासणी भर थंडीतल्या सकाळी होती. "चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी छान चालले आणि स्वतःच्याच पायांवर धोंडा पाडून घेतला. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, पुन्हा चालून दाखवणं. दुसऱ्या खेपेला नवऱ्याने मुद्दाम एप्रिलमधली दुपारची वेळ मागितली.

आता वाचण्याकडे येते. डोळे दमले की काय करायचं, याला हल्ली सगळे एकच उत्तर देतात: मोबाइल वाचून दाखवतो की! दाखवतो, पण काय वाचतो ते ऐका. पुष्कळ मराठी पुस्तकं अजूनही जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात. यंत्राच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. एका सहकाऱ्याने प्रेमाने पाठवलेला प्रबंध माझ्या फोनने "डॉलर, स्लॅश, कंस सुरू" असा वाचायला घेतला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, असेल तर प्रश्न नाही. जुन्या अंकांचं स्कॅन करून मजकूर काढला तर आणखी मजा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण माझे अंक त्याच्या पन्नास वर्षं आधीचे. "त्यानें घरांत पुस्तकें ठेविलीं" हे यंत्र प्रामाणिकपणे प्रत्येक टिंबासकट म्हणतं. अख्खी कादंबरी नाकातून बोलते.

त्यामुळे मला माणूस लागला. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, गिरगावातल्या छापखान्यात आयुष्यभर कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, हाताने जुळवायचे दिवस संपले तेव्हा निवृत्त झाले. त्यांना कुणीतरी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाचायला त्रास होतो. एका संध्याकाळी चष्मा पुसत दारात उभे राहिले, म्हणाले, "बाई, मी वाचून दाखवू का? मला सवय आहे, प्रूफं वाचायचो."

प्रूफं वाचणारा माणूस कसा वाचतो हे मला ठाऊक नव्हतं. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह, सगळं उच्चारून. "ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू." करुण प्रसंगातही. पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना. पण दुसरंही एक व्हायला लागलं. मध्येच थांबून म्हणायचे, "हे वळण निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचं." किंवा "इथे 'न' उलटा बसलाय, पोरगा नवीन असणार." मी फोटो काढून आणलेली पानं ते भिंगाखाली धरत. मी त्या पानांवर मजकूर बघत होते, त्यांना त्यामागे उभी असलेली माणसं दिसत होती.

एका कथेचा शेवट फारच घाईत उरकलेला होता. नायिका माहेरी परत येते आणि तीन ओळींत सगळं आटोपतं. लेखिका नवखी, एवढंच मी मनाशी धरलं होतं. काका म्हणाले, "थांबा. इथून खाली ओळी दाटल्यात. मधल्या शिशाच्या पट्ट्या काढल्यात बघा, वरच्या आणि खालच्या ओळीतलं अंतर मोजा." मोजलं. खरंच कमी होतं. "म्हणजे जागा कमी पडली. आणि का पडली? ही बघा." पानाच्या तळाला शक्तिवर्धक गोळ्यांची जाडजूड चौकटीची जाहिरात होती. "आयत्या वेळी आली असणार. पैसे देणारा थांबत नाही, बाई. आधी पट्ट्या काढायच्या, तरी नाही मावलं तर मालकाला विचारून ओळी उडवायच्या. आम्हीपण केलंय."

हे मी सिद्ध करू शकत नाही. त्या कथेचं हस्तलिखित कुणी जपून ठेवलेलं नाही. पण तेव्हापासून मी कथा जाहिरातीसकट वाचते, आणि माझा आत्ताचा सगळा अभ्यास याच प्रश्नाभोवती आहे: मासिकातल्या कथेची लांबी कोण ठरवत होतं? धडधाकट असते तर मी पूर्वीसारखी रोज खंडामागून खंड चाळत गेले असते; या पानाशी इतका वेळ बसले नसते. तरी त्याबद्दल आजाराचे आभार मानायला मी तयार नाही. हे शोधायला काका लागत होते, मायलिन कुरतडायची गरज नव्हती.

निबंध पाठवला तेव्हा तळटीपेत काकांचं नाव घातलं, आभारात नव्हे, कारण निरीक्षण त्यांचं होतं. परीक्षकाने विचारलं, "यांची अर्हता काय?" मी लिहिलं, "खिळे जुळवण्याचा अनुभव." निबंध सहा महिने तसाच पडून होता. शेवटी छापला, तळटीपेसकट. काकांनी छापील पान हातात घेतलं, नावाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "समास उजवीकडे कमी पडलाय."

विद्यापीठातल्या हिशेबाविषयी थोडंच बोलते, कारण बोलून रक्त आटतं. २०१० च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांपासून अध्यापकाच्या कामाला गुण मोजायची रीत आली. इथे परिसंवाद, तिथे उजळणी वर्ग, अमक्या गावी बीजभाषण. आजारी माणूस लिहितो कमी असं नाही, हिंडतो कमी. आणि कागदावर हिंडण्याचा हिशेब चटकन दिसतो. दमणूक तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. दोन तास शिकवल्यावर ओळ वाचते, अर्थ कळतो, पुढच्या ओळीवर जाईस्तोवर आधीची गेलेली असते. झोप आलेली नसते. चहाने जात नाही. तेव्हा पुस्तक मिटायचं, दुसरा इलाज नाही. जिद्दीने पुढे रेटलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळही हातची जाते, म्हणून "जिद्दीने काम करतात हो" हे कौतुक मला नको असतं. मी जिद्द शक्य तितकी टाळते.

विद्यार्थिनीच्या आईंना मी एवढंच कळवलंय: अवघड काम सकाळी अकराच्या आत करा. प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना वाईट दिवसांत काय काय जमत नाही ते लिहून न्या, कारण त्या दिवशी नेमकं बरं वाटेल. वर्गात खुर्ची मागून घ्या, फळ्याऐवजी मुलांना लिहायला सांगा. आणि घरात कुणी वाचून दाखवतो म्हणालं तर संकोच करू नका, विरामचिन्हं म्हणत असला तरी.

परिसंवादाला बोलावणाऱ्यांनाही सांगून ठेवते, तुमच्यापैकी बरेच जण हे वाचत असतील. मला पहिल्या सत्रात ठेवा, निबंध आधी युनिकोडमध्ये पाठवा, व्यासपीठाला पायऱ्या असतील तर कठडा आहे का ते बघून ठेवा. आणि मे महिन्यात ठेवणार असाल तर मला नुसती पत्रिका पाठवा.