कूलर बंद पडला की आमचं पिल्लू उठतं

आमच्या घरात झोपेचं टाइमटेबल नसलेली दोन माणसं आहेत. एक आमचे हे, लोको पायलट म्हणजे रेल्वेचे ड्रायव्हर, भुसावळमध्ये राहून दुसरं काय असणार, रात्री अडीचलासुद्धा ड्युटीचा कॉल येतो. आणि दुसरं आमचं ११ महिन्यांचं पिल्लू. यांच्या झोपेचं मी काहीच करू शकत नाही, ते रेल्वेच्या हातात, पण पिल्लाचं तरी बघू म्हणून मागे लागले होते.

तो साडेआठ महिन्यांचा असताना रात्री २ वाजता उठायचा. रडायचा नाही हां, खेळायचा. अंधारात टाळ्या वाजवायचा, माझ्या नाकात बोट घालायचा, आणि पहाटे ४ ला मी रडकुंडीला आले की हा खुशाल झोपणार. कोणी म्हणे दात येताहेत, कोणी म्हणे दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, काही फरक नाही. मग वैतागून किचनमधल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिते ना, तिथेच त्याच्या झोपेच्या वेळा लिहायला लागले. आठवड्यातच चोर सापडला. संध्याकाळी ६ ची तिसरी डुलकी! ज्या दिवशी ती झाली त्या दिवशी हा रात्री ११ पर्यंत टक्क जागा आणि २ ला परत हजर.

कसंय ना, जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते. संध्याकाळी पोटभर भजी खाल्ली की रात्री जेवण जात नाही, तसंच हे. साधारण ६ ते ९ महिन्यांत बरीचशी बाळं दिवसाच्या तीन झोपांवरून दोनवर येतात, आमचा तिथेच अडकला होता. तिसरी बंद केली तर संध्याकाळी नुसती किरकिर, म्हणून रात्रीची झोपच ओढून पावणेआठला आणली. मला वाटायचं दमवलं की गाढ झोपेल, तर उलटंच, फार दमलेलं बाळ जास्त चिडतं आणि जास्त वेळा उठतं.

पण पावणेआठ! खान्देशात! मे महिन्यात ७ वाजेपर्यंत उजेड असतो, दिवसभर ४४-४५ डिग्रीत घरात कोंडलेली सगळी गल्ली तेव्हा कुठे ओट्यावर येऊन बसते, आणि मी खिडकीला जाड चादर लावून पोराला आत घेऊन चालले. शेजारच्या काकू अजून मला शिष्ट समजतात. समजू द्या.

दुपारच्या झोपेची दुश्मन म्हणजे लाईट. कूलरच्या घरघरीत हा दीड-दोन तास मस्त झोपतो, पण लाईट गेली की कूलर बंद, आणि त्या शांततेनेच जागा होतो, गरमी व्हायच्या आधीच! पंखा इन्व्हर्टरवर चालतो पण त्याला घरघर कुठे. मग मी चक्क आमच्याच कूलरचा आवाज मोबाईलमध्ये रेकॉर्ड केला. लाईट गेली की मोबाईल लांब कपाटावर ठेवून हळू आवाजात लावते. हे हसले, पण काम झालं.

खरी लढाई झोळीची होती. साडीची झोळी, सासूबाईंचा हात, दोन मिनिटांत पोरगं गार. पण १० महिन्यांचा झाला आणि एके दिवशी झोळीतच दोरी धरून उभा राहिला, माझ्या तर पोटात गोळाच आला. त्या दिवसापासून झोळी बंद, खाली सपाट घट्ट गादी, वर्षाच्या आत उशी नाही, मोहरीची उशीही डॉक्टरांनी काढायला लावली. सासूबाई दुखावल्या. त्या धुळ्याकडच्या, अहिराणीत फटकारतात. दुपारी ४ च्या पुढे मी त्याला उठवायला गेले की, "जपेल पोऱ्याले कोनी उठाडस का वो माय?" म्हणजे झोपलेल्या पोराला कोणी उठवतं का गं बाई. आता त्यांना काय सांगू की दुपारी नाही उठवला तर रात्री सगळेच उठतील. नवीन गादीवर पहिले चार दिवस रडारड, दहाएक दिवसांनी बसली सवय, आणि थोपटायला सासूबाईच लागतात, माझ्या थोपटण्यात म्हणे दम नाही.

सध्याचं गणित असं. सकाळी साडेसहाला उठणं, रात्र कशीही गेली तरी. मग साडेनऊला तासभर, दुपारी २ ला दीड तास, रात्री पावणेआठ. रात्रीचे पावणेअकरा आणि दिवसाचे अडीच, सव्वातेरा तास होतात. या वयाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास सांगतात, म्हणजे बसतंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले आणि सगळं पाण्यात. रावेरकडचं गाव, लिंबाला झोका बांधलेला, सगळ्या बहिणी जमलेल्या, आमरस-पुरणपोळी, कोणाला वेळ बघायचीये. पिल्लू रोज वेगळ्या मावशीच्या मांडीवर वेगळ्या वेळेला झोपलं. मीसुद्धा कॅलेंडर विसरले, खरं सांगते, मजा आली. परत आल्यावर गाडी रुळावर यायला चार दिवस लागले.

आता नवीनच. गेले तीन दिवस सकाळच्या झोपेला साफ नकार, गादीवर लोळून लोळून हसतो. बहीण म्हणते एकच झोप कर आता. पण दोनवरून एकवर बहुतेक मुलं १४ ते १८ महिन्यांत येतात, हा अजून वर्षाचाही नाही, आणि नुकता भिंत धरून चालायला लागलाय, त्याचीच नवलाई असणार. म्हणून सकाळची झोप मोडत नाहीये, फक्त साडेनऊची दहा केलीये. आज दहाला झोपला, सव्वादहाला यांच्या मोबाईलवर कॉल वाजला. मोबाईल सायलेंटवर ठेवता येत नाही म्हणे ड्युटीमुळे. दोघंही उठले.