शाळेवरचा पत्रा उतरवताना

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली-मंडणगड भागातील असंख्य घरांप्रमाणे आमच्या गावच्या शाळेचीही कौले उडाली. पाऊस तोंडावर असल्याने आम्ही घाईने पत्रा घातला. पुढे शाळा भरू लागल्यावर मार्चपासून दुपारी वर्गात बसवेना, पंखे दिवसभर फिरू लागले आणि विजेचे बिल वाढले. यंदा माजी विद्यार्थ्यांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले, तेव्हा बहुतेकांच्या मनात आधी सौर पॅनेल होते. माझे म्हणणे एवढेच होते की, जी उष्णता आपणच पत्र्याने आत आणली आहे, ती आधी बाहेर काढू या.

म्हणून काम छपरापासून सुरू झाले. वाळवी लागलेले वासे काढून किंजळीच्या लाकडाचे नवे घातले, कौले ज्यांवर टेकतात त्या रिपा बदलल्या आणि पाचपैकी चार खोल्यांवर मंगलोरी कौले पुन्हा चढवली. कौलांच्या फटींतून वर साठलेली गरम हवा निघून जाते. पत्र्याखाली ती कोंडून राहते. माकडे कौले फोडतात आणि दरवर्षी शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौले नीट लावून घ्यायला, माणूस मिळत नाही, ही तक्रार खरीच आहे. त्यासाठी शंभरेक कौले जादा घेऊन ठेवली आहेत.

भिंतींनी मात्र आमची परीक्षा पाहिली. जांभ्या चिऱ्यावर कोणे एके काळी सिमेंटचा गिलावा केला होता. गवंड्याने छिन्नीने त्याचा एक पापुद्रा उचलला, तेव्हा एप्रिल महिन्यातही आतला चिरा हाताला ओला लागला आणि बोटांना तांबडी माती चिकटली. चिरा सच्छिद्र असतो, तो पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने त्याची ती वाटच बंद केली होती. सगळा गिलावा खरवडून, भिंती सुकू देऊन, विरवून मुरवलेल्या चुन्याचा नवा गिलावा केला. त्यासाठी वाळू नदीची घेतली, कारण समुद्राच्या वाळूतले मीठ पुन्हा ओल ओढते.

उजेडासाठी या चार खोल्यांत प्रत्येकी दोन काचेची कौले बसवली. त्यांतल्या एकाचा कवडसा सकाळी अकराच्या सुमारास नेमका फळ्यावर पडू लागला आणि मागच्या बाकावरच्या मुलांना अक्षरे दिसेनात, म्हणून ते कौल चार ओळी मागे सरकवावे लागले. अशी गोष्ट वर्गात बसल्याशिवाय कळत नाही.

विजेची उपकरणे त्यानंतर आली. जुने पंखे सुमारे 75 वॅटचे होते, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे सुमारे 30 वॅटचे आहेत. दहा पंखे सहा तास फिरले, तर दिवसाला 2.7 युनिट वाचतात. चोकच्या ट्यूबऐवजी 20 वॅटच्या एलईडी लावल्या. दोन किलोवॅटचे सौर पॅनेल कौलांवर न चढवता स्वयंपाकघराच्या स्लॅबवर बसवले, कारण वादळवाऱ्यात पॅनेलचा ताण कौलारू छपराला पेलणार नाही. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, म्हणून सांगाडा जस्त चढवलेला घेतला. मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळेला सुट्टी, तर जुलैत शाळा भरलेली आणि आभाळ दाटलेले. म्हणूनच नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीचा, अर्ज आम्ही आधीच केला होता.

पाचव्या खोलीवर अजून पत्राच आहे. तो दिवाळीच्या सुट्टीत उतरेल. तिची कौले पडवीत रचून ठेवली आहेत.