कापूस कडेवरून खाली उतरला तेव्हा

कापूस, आमचं पॉमेरियन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू, घरी आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता आणि वजन सातशे ग्रॅम. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्या गावाबद्दल उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पॉमेरियनचा मूळ मुलूख पॉमेरेनिया, बाल्टिक समुद्राच्या काठचा, आज थोडा जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये. त्यामुळे 'जर्मनीचं लेकरू परभणीत आलं' असं माझा मुलगा शाळेत सगळ्यांना सांगून आला. नाव आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठेवलं. त्यांचं बालपण कापसाच्या वेचणीत गेलेलं. पिल्लू बघून त्या एवढंच म्हणाल्या, "बोंडातून फुटलेला कापूस हाय की गं हा."

आपल्याकडे कुठल्याही पांढऱ्या, केसाळ कुत्र्याला पॉमेरियन म्हणतात. त्यातली बरीचशी इंडियन स्पिट्झ असतात. थोडी मोठी, उन्हाला सरावलेली. खरा पॉमेरियन मोठा झाला तरी साधारण तीन-साडेतीन किलोच्या आतच राहतो. हा फरक आधी समजून घ्या, कारण एवढ्या लहान जिवाचं हाड, घसा, दात सगळंच नाजूक असतं.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आमचं भाग्य. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतील. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर रस्त्यावरच्या मातीत पाय टेकवायचा नाही, पार्व्हो या विषाणूच्या आजाराची भीती असते. दुसरी, पिल्लाच्या मनाची दारं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत सताड उघडी असतात. तेव्हा जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला आपलं वाटतं. म्हणून घरात कोंडून ठेवू नका, कडेवर घेऊन जग दाखवा.

आम्ही ते मनापासून केलं. भाजीबाजार, बसस्टँडबाहेरचा गोंगाट, ट्रॅक्टर, टोपीवाले आजोबा, बुरख्यातल्या शेजारीणबाई, सगळं त्यानं माझ्या कडेवरून पाहिलं. चूक पुढे झाली. लसी पूर्ण झाल्या, तरी कडेवरून त्याला खाली उतरवणं मला जमेना. गल्लीतलं कुत्रं दिसलं की उचल, पाहुणा आला की उचल, मोटारसायकल गेली की उचल. सात-आठ महिन्यांचा होईतो कापूस जमिनीवर असला की भेदरलेला आणि कडेवर असला की सगळ्यांवर भुंकणारा झाला. दारावरची बेल वाजली की दहा-दहा मिनिटं थांबायचा नाही. "कामून एवढं भुंकायलंय हे?" म्हणत पाहुणे उंबऱ्यातच उभे राहायचे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही उचललं की त्याला कळतं, समोर धोका आहे. तुमच्या हातांनीच तुम्ही रोज त्याला भीती शिकवताय. ते वाक्य माझ्या मनात फार खोल गेलं.

सुरुवात बेलपासून केली. मोबाईलवर आमच्याच बेलचा आवाज भरून घेतला. तो अगदी बारीक वाजवायचा आणि वाजला की सतरंजीच्या तुकड्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा, हरभऱ्याएवढा. आवाज आधी, चिकन नंतर, हा क्रम कधी मोडायचा नाही. तीन-चार दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. मग मुलगा बाहेर जाऊन खरी बेल वाजवायचा. तीन आठवड्यांनी बेल वाजली की कापूस आधी सतरंजीकडे धावायला लागला. दोन भुंकणी अजूनही असतातच, ती त्याच्या जातीचीच आहेत आणि मला ती नकोशी वाटत नाहीत. पण घरातल्या एकानेही 'गप्प' म्हणून ओरडायचं नाही, हे ठरवायला लागलं. ह्यांना ती सवय सोडायला कापसापेक्षा जास्त दिवस लागले.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काम अवघड होतं. गळ्यातला पट्टा आधीच बंद केला होता, कारण या जातीत श्वासनलिका पिचकण्याचा त्रास होतो. छातीवरून बांधायचा हार्नेस घेतला. पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठाच्या बाजूला जायचो, तिकडे रस्ते रुंद आहेत. कुत्रं लांब दिसलं की थांबायचं आणि चिकन द्यायचं. मॅडमनी एक खूण सांगितली होती. त्यानं चिकन खाल्लं तर अंतर बरोबर आहे. तोंड फिरवलं तर आपण फार जवळ आलोय, दहा पावलं मागे घ्या. पहिल्या आठवड्यात चाळीस पावलांवरही तो खात नव्हता. दोन महिन्यांनी पंधरा पावलांवर खायला लागला.

आता केसांचं सांगते, कारण यात मी जे केलं ते दुसऱ्या कुणी करू नये असं मनापासून वाटतं. एप्रिल होता, पारा बेचाळीसवर. जो तो म्हणायचा, लेकराला एवढ्या लोकरीत उकडत असेल, काढून टाका. मी त्याला दुसऱ्या शहरातल्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथल्या माणसानं काही न विचारता मशीन लावलं आणि पाठीपासून शेपटीपर्यंत कातडी दिसेल एवढं काढून टाकलं. घरी आणला तेव्हा तो पलंगाखाली जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

पॉमेरियनला केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट. वरचा लांब, थोडा राठ. त्यांच्यामध्ये हवा धरून ठेवली जाते. तीच हवा थंडीत ऊब देते आणि उन्हातली धगही अडवते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं. म्हणजे केस काढून त्याला फारसं गार वाटत नाही, उलट गुलाबी कातडीवर थेट ऊन पडतं. शिवाय या जातीत मशीन लावल्यावर केस परत येताना महिनोन्‌महिने अडकतात, कधी येतच नाहीत. आमच्या कापसाच्या पाठीवर तळहाताएवढा चट्टा चौदा महिने उघडा राहिला. मॅडमनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती चांगली निघाली. धीर धरा, एवढंच त्यांच्या हातात होतं.

त्या चौदा महिन्यांत खरं विंचरणं शिकले. आधी मी वरवर ब्रश फिरवायची. वरून केस चकचकीत दिसायचे आणि खाली, कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत गुठळ्या घट्ट होत जायच्या. एके दिवशी आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. तोवर त्या कुत्र्याला हातही लावत नव्हत्या. म्हणाल्या, "असं नसतंय. कापूस पिंजायचा तर थर उकलावा लागतोय." त्यांनी डाव्या हाताने केस वर धरले, खालची एक बारीक ओळ मोकळी सोडली आणि ती मुळापासून टोकापर्यंत ब्रशने विंचरली. मग बोटभर वर सरकून पुढची ओळ. कातडी दिसेपर्यंत. गुठळी आली की ब्रश बाजूला ठेवून बोटांनी हळूहळू उकलली, शेवटी स्टीलच्या कंगव्याने बघितलं अडतंय का. वाती वळताना त्यांची बोटं चालतात तशीच चालत होती. कापसानं डोळे मिटून घेतले होते. ग्रूमिंगवाले नेमकं हेच करतात, ओळीओळीने. आठवड्यातून तीनदा हे काम आता त्याच करतात.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा. आधी विंचरायचं, मग पाणी, नाहीतर भिजलेली गुठळी नमद्यासारखी घट्ट बसते. आतला थर पूर्ण वाळवायचा. तो ओलसर राहिला की खाज आणि फोड ठरलेले. नखं दर तीन आठवड्यांनी, अगदी टोकापुरती. दात रोज, कुत्र्यांसाठीच्याच पेस्टने, कारण आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. लहान जबड्यात दात दाटीने येतात, हिरड्यांचा त्रास लवकर सुरू होतो.

उन्हाळ्यासाठी कूलरसमोरची फरशी आणि पाण्याची दोन भांडी. सकाळी सातनंतर फिरणं बंद. संध्याकाळी निघण्याआधी डांबरावर हाताची पाठ टेकवून बघते. पाच सेकंद ठेववत नसेल तर परत फिरते.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. विद्यापीठाकडच्या रस्त्यावर चहाच्या गाड्याजवळ एक म्हातारी तांबडी कुत्री असते. त्या दिवशी ती उठून आमच्याकडे चालत आली. कापूस थबकला. माझा हात आपोआप खाली गेला, त्याला उचलायला. मी तो अर्ध्यावर थांबवला, मुठीत चिकन घट्ट धरलं आणि दोरी सैल सोडली. कुत्रीनं त्याच्या मागच्या बाजूला नाक लावलं, त्यानं तिच्या. मग ती आपल्या जागेवर जाऊन पसरली. कापसानं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं, माझ्या मुठीकडे बघितलं आणि चिकन खाल्लं.