आत्याची सही

"ताई, इथं एक सही कर, म्हणजे झालं." म्हापशाला वकिलांकडे काकांनी हक्क सोडल्याचा कागद पुढे सरकवला. आत्यानं चष्मा पुसला. "बाबांच्या घरात माझा वाटा किती, ते कुठं लिहिलंय?"

कुणीच बोलेना.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० मध्ये लागू झाला. मुलगी मुलाइतकीच वारस. आजही बापाला मृत्युपत्रानं आपली निम्मीच मालमत्ता हवी तशी देता येते, उरलेली निम्मी मुलांची. पोर्तुगीज गेले, नियम राहिला. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही आहे.

आणि तरी बहिणींकडून सह्या घेतल्या जातात, चहा देऊन, प्रेमानं. मला त्या प्रेमाचाच राग येतो. आत्यानं सही केली नाही. फार बरं वाटलं.

तुमच्याकडे वाटणीच्या वेळी बहिणींना कुणी काही विचारलं होतं का?