कोर्टाच्या कपाळावर पोस्ट ऑफिस का?

अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेऊन आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "शपथ फेडरल कोर्टात झाली. पण इमारतीच्या माथ्यावर दगडात आधी 'पोस्ट ऑफिस' आणि मग 'कोर्ट हाऊस' असं कोरलंय. हा काय प्रकार?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका वाक्यात सांगायचं तर घर पोस्टाचं होतं आणि कोर्ट हे वरच्या माडीवरचं बिऱ्हाड होतं. त्या घरात कुठला दगड वापरायचा हेसुद्धा पोस्टाच्या गल्ल्यावर ठरायचं.

१७८९च्या कायद्याने तिथे १३ फेडरल, म्हणजे संघ सरकारची, जिल्हा न्यायालयं निर्माण झाली, पण त्यांना बसायला एकही इमारत मिळाली नाही. न्यायाधीश कधी राज्याच्या कोर्टात उसनी जागा घेत, कधी भाड्याच्या हॉलमध्ये बसत. सर्वोच्च न्यायालयाची पहिली बैठक १७९० साली न्यूयॉर्कच्या मर्चंट्स एक्स्चेंजमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या इमारतीत भरली. पुढे वॉशिंग्टनला ते संसदेच्याच कॅपिटॉलमध्ये राहिलं. १८६० पासून तर ते सिनेटने रिकाम्या केलेल्या जुन्या सभागृहात बसत होतं. त्याला स्वतःचं छप्पर १९३५ साली मिळालं, तेही सरन्यायाधीश टाफ्ट यांनी संसदेचा पिच्छा पुरवला म्हणून. वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट. मंजूर रकमेतले सुमारे ९४ हजार डॉलर उरले आणि खजिन्यात परत गेले. सरकारी बांधकामात हे वाक्य पुन्हा लिहायची वेळ सहसा येत नाही.

गावोगावच्या कोर्टांचा मालक होता अर्थखातं. एकोणिसाव्या शतकात संघ सरकारची मुख्य कमाई जकातीची, म्हणून आधी बंदरांत कस्टम हाऊस उभी राहिली आणि ती बांधायला १८५२ साली त्या खात्यातच बांधकाम कार्यालय निघालं. त्याचे पहिले मुख्य वास्तुविशारद अॅमी यंग. त्यांनी एक नमुना बसवला: खाली जकात आणि पोस्ट, वर कोर्ट. नकाशा एकच, गावागणिक फक्त आकार लहानमोठा. आग ही मोठी भीती, कारण आत जकातीची रोकड आणि कागद. म्हणून लाकडी तुळयांऐवजी लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी. मुंबई-पुण्याच्या जुन्या सरकारी इमारतींत छताकडे पाहिलंत तर हाच जॅक आर्च दिसेल. यात एक खोट असते. तुळईचा खालचा भाग उघडा राहिला तर आगीत लोखंड मऊ पडून वाकतं आणि कमान सुटते. गळकं छत असेल तर हेच काम गंज सावकाश करतो.

मग पोस्ट पुढे कसं आलं? जकात बंदरात, पण पत्रं सगळीकडे. आपल्या मतदारसंघात एक दगडी सरकारी इमारत असावी असं प्रत्येक खासदाराला वाटे आणि त्यासाठी सर्वांत सोपं निमित्त पोस्टाचं. कोर्ट वर्षातून काही आठवडे भरणार, पोस्ट रोज उघडणार. हा सुळसुळाट आवरायला १९१३च्या कायद्याने अट घातली की पोस्टाचं वार्षिक उत्पन्न निदान १० हजार डॉलर असेल तरच नवी इमारत. १९१५ साली अर्थमंत्री मॅकअडू यांनी त्याही पुढे जाऊन इमारतींच्या प्रतीच लावून दिल्या. मोठ्या शहरातला हमरस्ता आणि वर्षाला ८ लाख डॉलर किंवा जास्त उत्पन्न असेल तर 'अ' वर्ग: संगमरवर किंवा ग्रॅनाइट, आत ब्राँझचं काम. ६० हजार ते ८ लाख असेल तर चुनखडीचा किंवा वाळूचा दगड. १५ ते ६० हजारांना वीट आणि फक्त कडांना दगड. त्याखाली, गावातल्या कुठल्याही चांगल्या व्यापारी इमारतीसारखं साधं बांधकाम. म्हणजे न्यायदेवतेच्या अंगावर ग्रॅनाइट चढणार की वीट, हे गावात तिकिटं किती खपली त्यावर. खर्चाची शिस्त म्हणून मला हा नियम आवडतो. पण संगमरवर पाहून 'इथे केवढे मोठे खटले चालत असतील' असा अंदाज बांधू नका.

आता आत चला. खांब-कमानी जरा बाजूला ठेवा, नकाशा बघा. रस्त्याच्या बाजूला लांबट लॉबी, तिकिटांच्या खिडक्या, टपालपेट्यांची भिंत. तिच्यामागे मोठी मोकळी खोली, टपाल वर्गवारीची. तिला भरपूर उजेड हवा, म्हणून तिच्या छताचा बराचसा भाग एकमजली ठेवून वर काचेचं छप्पर, आणि वरचे मजले त्याच्याभोवती इंग्रजी यू अक्षरासारखे. मागच्या अंगाला माल चढवायचा धक्का. वर्गवारीच्या खोलीवर टपाल निरीक्षकांसाठी झरोके असलेला बंदिस्त बोळ असे. कोण पाकीट फोडतंय ते तिथून, न दिसता, पाहता येई. कोर्टाची खोली वर, बहुधा दुसऱ्या मजल्यावर, दोन मजले उंचीची. तिला खाली जागा देणं शक्यच नव्हतं. एक तर तळमजला पोस्टाचा, आणि दुसरं म्हणजे वरच्या मजल्यांचा भार पेलायला खाली खांब लागतात, पण एवढ्या रुंद खोलीत मधे खांब चालत नाहीत. साक्षीदार ज्युरीला दिसलाच पाहिजे.

या रचनेचा कच्चा दुवा ते काचेचं छप्पर. चौकटी प्रसरण-आकुंचन पावतात, सांध्यातलं लांबी (पुटी) वाळून तडकतं, पाणी आत येतं. अनेक ठिकाणी त्यावर उपाय म्हणून काचांवर सरळ डांबरी थर घातला गेला. गळती काही वर्षं थांबली, पण खालची खोली कायमची अंधारी झाली. आज जुनी इमारत दुरुस्त करताना पहिलं काम बहुतेक वेळा हेच असतं: खोटं छत काढा आणि वर काच शिल्लक आहे का ते पाहा.

पोस्टाला ही घरं लवकरच अपुरी पडू लागली. १९१३ पासून पार्सलसेवा सुरू झाली, खोल्या गाठोड्यांनी भरल्या, मागे वाढीव बांधकामं झाली. नंतर यंत्रावर वर्गवारी आली. तिला एकाच पातळीवर पसरलेली जागा आणि मोठे ट्रक वळतील असं आवार लागतं. पोस्ट गावाबाहेर गेलं, कोर्ट राहिलं आणि वर्गवारीच्या खोलीत कोर्टाची कचेरी किंवा आणखी एक कोर्टरूम आली. कोरलेली अक्षरं मात्र कोण छिन्नी लावून काढणार?

यातली एक इमारत आपल्या जवळची आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सेव्हन्थ आणि मिशन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९०५ साली पुरं झालेलं पोस्ट ऑफिस आणि कोर्ट. जेम्स नॉक्स टेलर मुख्य वास्तुविशारद असताना ते बांधलं गेलं. आज तिथे नवव्या सर्किटचं, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांचं, फेडरल अपील न्यायालय बसतं. अमेरिकेतून भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर पक्षाच्या लोकांवरचा 'हिंदू-जर्मन कटा'चा, म्हणजे जर्मनीच्या मदतीने भारतात उठाव घडवण्याच्या आरोपाचा, खटला १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या याच फेडरल कोर्टात चालला. ज्या पक्षाच्या उभारणीत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते आणि ज्याच्या कामासाठी तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतून १९१५ साली लाहोरला फासावर गेले, तोच हा पक्ष. एप्रिल १९१८ मध्ये, खटल्याच्या शेवटी, रामचंद्र या गदरच्या पुढाऱ्यावर सहआरोपी रामसिंग याने भर कोर्टात गोळी झाडली आणि कोर्टाच्या बंदोबस्तावरच्या मार्शलने रामसिंगला तिथेच ठार केलं. कोर्टात पिस्तूल आलं कुठल्या वाटेने, हा प्रश्न आजचा नकाशा काढणारा सर्वांत आधी विचारतो. त्याकडे वळण्याआधी या इमारतीचे पाय पाहून घेऊ.

ती भराव टाकलेल्या दलदलीवर उभी आहे. १९०६च्या भूकंपात शेजारचे रस्ते खचले, मागोमाग आग आली. पोस्टाचे कर्मचारी इमारत सोडून गेले नाहीत. पाण्यात भिजवलेल्या टपालाच्या गोण्या आपटून त्यांनी आत शिरलेली आग विझवली. १९८९च्या भूकंपात मात्र नुकसान एवढं झालं की इमारत बंद करावी लागली. ती १९९६ साली पुन्हा उघडली, पण आता २५६ बेअरिंगवर बसून. पद्धत अशी: तळाशी एकेका खांबाचा भार जॅकवर घ्यायचा, खांब कापायचा, मधे बेअरिंग बसवायचं आणि भार हळूहळू त्यावर सोडायचा. बेअरिंग म्हणजे स्टीलची उथळ वाटी आणि तिच्यात सरकणारा ठोकळा. जमीन हलली की इमारत वाटीच्या कडेकडे किंचित चढते आणि स्वतःच्याच वजनाने मध्यावर परत येते. म्हणून इमारतीभोवती मोकळा खंदक लागतो, आणि पाण्याचे-गॅसचे नळ तिथे लवचिक सांध्यांचे हवेत. घोटाळा होतो तो नंतर. कुणीतरी त्या फटीत काँक्रीट ओततं किंवा कडक पाइप टाकतं, आणि सरकायची जागाच अडते.

आता वाटांचा प्रश्न. आपल्याकडे जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात वकील, अशील, चहावाला आणि बेड्या घातलेला आरोपी खांद्याला खांदा लावून उभे असतात. नव्या फेडरल कोर्टात तीन वाटा वेगळ्या असतात आणि त्या कोर्टरूमशिवाय कुठेही मिळत नाहीत. एक लोकांची. दुसरी न्यायाधीश आणि ज्युरीची. तिसरी कैद्यांची: तळघरात दोन दारांमधला बंदिस्त कप्पा, दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत; तिथून खास लिफ्ट; वर दोन कोर्टरूमच्या मधोमध कोठड्या, म्हणजे एक लिफ्ट दोन्हींना पुरते. जिल्हा न्यायाधीशाची कोर्टरूम सुमारे २,४०० चौरस फूट, मॅजिस्ट्रेटची १,८००, छत १६ फुटांचं. त्यामुळे कचेरीचे दोन मजले तिथे कोर्टाचा एक खातो. आराखड्यात एकच लिफ्ट चुकीच्या बाजूला गेली तर तिन्ही वाटांचा गुंता होतो. जुनी इमारत सुधारताना तर ही तिसरी वाट काढायला जागाच सापडत नाही.

रस्त्याकडच्या बाजूचं गणित १९९५ नंतर बदललं. त्या वर्षी ओक्लाहोमा सिटीत मरा बिल्डिंग या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीसमोर ट्रकमधल्या बाँबचा स्फोट झाला आणि १६८ माणसं गेली. ती इमारत कोर्ट नव्हती, पण फेडरल कोर्टाच्या समोरच होती. तिच्या दर्शनी बाजूला वरचे खांब २० फुटांवर, तर खालचे ४० फुटांवर होते आणि वरच्यांचा भार एक मोठी तुळई खालच्यांवर नेत होती. खालचे मोजके खांब गेले आणि वरचं सगळं पत्त्यांसारखं कोसळलं. तेव्हापासून एक खांब गेला तरी भार दुसरीकडे वळला पाहिजे, आणि वाहन इमारतीपासून लांबच थांबलं पाहिजे. दारासमोरचे ते जाड खुंट आणि दगडी कुंड्या शोभेच्या नाहीत.

एवढं सगळं केलं की जागा फुगते. संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१० साली हिशेब मांडला: २००० नंतर बांधलेल्या ३३ कोर्टांत ३५.६ लाख चौरस फूट जागा जादा. कारणं तीन. मंजुरीपेक्षा मोठं बांधलं. न्यायाधीश जितके येतील म्हटलं तितके आले नाहीत. आणि प्रत्येकाला स्वतंत्र कोर्टरूम दिली, वाटून वापरली नाही. तिसरं कारण मला सर्वांत खरं वाटतं. रिकामी कोर्टरूम कुणाला खुपत नाही, कारण तिचं दार बंद असतं.

इमारतीला खांब असावेत की काच, यावर मात्र भांडण अखंड चालू. १९६२च्या सरकारी इमारतींसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती लिहिणारे अधिकारी मॉयनिहन यांनी सरकारी अशी ठरीव शैली नको म्हटलं. २०२० आणि २०२५च्या अध्यक्षीय आदेशांनी अभिजात शैलीचा आग्रह धरला. बोस्टनच्या १९९८च्या कोर्टात काचेची भिंत बंदराकडे उघडते आणि आत प्रत्येक कोर्टरूमला चारही बाजूंना सारख्याच मापाच्या कमानी आहेत. न्यायाधीशाची मोठी आणि लोकांची लहान असं नाही. ही गोष्ट खांबांच्या रांगेने साधली नसती.

शपथविधीला जाल तेव्हा फोटोसहित ओळखपत्र ठेवा आणि मोबाइल आत नेता येतो का ते आधी त्या कोर्टाकडून विचारून घ्या. वेळ उरला तर कोनशिला शोधा, बहुधा कोपऱ्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्यावर अर्थमंत्री आणि मुख्य वास्तुविशारदाचं नाव असतं. साल असतं ते कोनशिला बसवल्याचं, उद्घाटनाचं नाही. १९१५ ते १९३३ मधली असेल तर 'जेम्स ए. वेटमोर, प्रभारी' असं दिसेल. देशभरच्या असंख्य इमारतींवर ज्यांचं नाव वास्तुविशारद म्हणून कोरलंय, ते वेटमोर पेशाने वकील होते.